सत्तर टक्के

पॅसिफिकवर एक लांब ओली पट्टी उठली आहे,
हवाईपासून थेट आमच्या किनाऱ्यापर्यंत.
पडद्यावर ती जांभळी दिसते.
चार दिवस मी तिच्याकडे बघतोय,
लग्नघराने भांडखोर आत्याची वाट पाहावी तसा.

एकवीस मॉडेलं, एकवीस मतं.
सगळं अडलंय एवढ्यावरच:
चार हजार फुटांवर पाऊस पडेल की बर्फ?
बर्फ पडला तर डोंगर तो मार्चपर्यंत सांभाळेल.
पाऊस पडला तर आधीचा बर्फही सोबत घेऊन खाली उतरेल.
एका अंशाचा फरक.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
आभाळ अजून पाय उचलत नाही.

नूकसॅकच्या पुलावरचं यंत्र संध्याकाळीच बंद पडलं,
ओंडका आदळला असावा.
म्हणून टेना झाइल्स्ट्रा,
वय एकोणऐंशी, पायात मुलाचे गमबूट, हातात गेलेल्या नवऱ्याची टॉर्च,
दर तासाला पुलावर जाते,
खांबावर रंगवलेला आकडा वाचते
आणि मला फोन करते.
"पंधरा फूट चार इंच.
आत्ता एक पिकनिकचं टेबल गेलं. चारही पाय वर."

माळ्यावर काय काय चढवलं, ते न विचारताच सांगते:
शिवणयंत्र, बाप्तिस्म्याचा फ्रॉक, वासरांची नोंदवही,
सहोतांनी दिलेल्या रासबेरी जॅमच्या तेरा बरण्या.
"आणि गाई?" ती स्वतःच विचारते.
"हलवू का?"

एकशे बेचाळीस गाई.
दोन मैल, चढ, वारा, पहाटेचे तीन.
मी म्हणतो, एकोणीस फुटांवर जाण्याची शक्यता सत्तर टक्के आहे.
पलीकडे नुसता पाऊस ऐकू येतो.
मग:
"सत्तर टक्के गाय हलत नाही रे पोरा.
अख्खी हलते, नाहीतर अख्खी बुडते."

मागच्या वर्षी याच आठवड्यात मी वीस म्हटलं होतं.
पाणी सोळावर थांबलं.
तिने सगळ्या हलवल्या होत्या.
चढावर एक घसरली, पाय मोडला,
सकाळी मार्विनला बंदूक काढावी लागली.
टेनाने मला बोल लावला नाही.
फक्त एकदा त्या गाईचं नाव सांगितलं, आकडा सांगावा तसं:
रोझलीन.

आम्ही पाणी सांगायचं,
माणसांनी काय करायचं ते माणसांनी ठरवायचं.
हे कुठे लिहिलेलं नाही,
पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मी म्हणालो, "माझ्या असत्या तर मी हलवल्या असत्या."
"तुझ्याकडे गाई नाहीत."
"नाहीत."
"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

चारचा फोन आला नाही.
पाचचाही नाही.
कॉफीवर साय धरली. मी रडार बघत होतो
आणि रडारवर गाई दिसत नाहीत.

पावणेसहाला गुरमुख सहोता, मागे हंबरणं:
"टेनाने सांगायला सांगितलंय, एकशे बेचाळीस. दोनदा मोजल्या.
माझ्या शीतगृहाच्या आवारात उभ्या आहेत.
पुलावर आता कुणी नाही,
आकडा तुझा तूच टाक."

साडेसातला वर डोंगरात पारा एक अंश उतरला.
बर्फ.
उजाडल्यावर मार्विनने खांब वाचला: सतरा फूट नऊ.
पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं
आणि तिथेच राहिलं.

तक्त्यात तीन रकाने. अंदाज: एकोणीस चार.
प्रत्यक्ष: सतरा नऊ. चूक: एक फूट सात इंच.
शेऱ्याला अर्धी ओळ.
लिहिलं, "पहाटे तीननंतर वाचन उपलब्ध नाही."
खोडलं.
लिहिलं, "गाई १४२."
साहेब विचारतील. विचारू देत.

हवाईच्या मागे आणखी एक पट्टी उठतेय,
शुक्रवारची.
फोन वाजतोय. टेनाच असणार.
उचलण्याआधी मी नकाशा उघडतो,
आणि उगाचच आवाज खाकरून घेतो.